परभाषेचें शिक्षण : शिरपामाळापासून मेक्सिकोपर्यंत

जव्हारच्या पठारावर, गांवापासून थोड्याच अंतरावर, शिरपामाळ या नांवाचें एक ठिकाण आहे. इ. स. १६६४ च्या प्रारंभीं सुरतेवर जी स्वारी झाली तिच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा मुक्काम येथें पडला, जव्हारचे राजे विक्रमशाह यांनीं त्यांची येथें भेट घेतली व मानाचा शिरपेच त्यांना अर्पण केला, अशी परंपरा आहे. माळाचें नांवहि त्या शिरपेचावरूनच पडलें असें सांगतात. शाळकरी मुलांच्या सहली येथें येतात, त्यांना इतकी कथा सांगितली जाते, आणि तेथेंच ती संपते.

परंतु या माळाच्या पश्चिमेस डोंगर उतरून गेलें म्हणजे जो किनारा लागतो, त्याच्या इतिहासांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वसई, केळवें-माहीम, तारापूर, डहाणू हीं किनाऱ्यावरचीं ठाणीं आणि आंतल्या बाजूचा अशेरीगड हीं त्या काळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतीं. खुद्द पोर्तुगाल १५८० पासून १६४० पर्यंत स्पेनच्या राजाच्या छत्राखालीं होतें. म्हणजे जव्हारच्या राजाचा जो पश्चिमेकडचा शेजारी, त्याचा धनी साठ वर्षेंपर्यंत स्पेनच्या सिंहासनावर बसत होता. स्पॅनिश राजसत्ता मराठी मुलखाच्या इतकी जवळ त्यापूर्वीं कधीं आली नव्हती, व पुढेंहि आली नाहीं.

असें असूनहि स्पॅनिश भाषा या किनाऱ्यावर रुजली नाहीं. आज मात्र राजा नाहीं, आरमार नाहीं, किल्ला नाहीं. तरी तीच भाषा मुंबई-पुण्याच्या कांहीं शाळांतून अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिकविली जात आहे, आणि त्यांचे आईबाप आपण होऊन तिच्यासाठीं पैसे मोजीत आहेत. राजसत्तेला जें साधलें नाहीं तें शाळेच्या तासाला साधेल काय, आणि साधावयाचें तर कोणत्या वाटेनें, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्यासारखा आहे. त्याचें उत्तर बऱ्याच अंशीं याच किनाऱ्याच्या इतिहासांत सांपडतें.

प्रथम त्या साठ वर्षांचें कोडें पाहावें. १५८१ सालीं तोमार येथें पोर्तुगालच्या सभेपुढें राजा दुसरा फिलिप यानें असें मान्य केलें होतें कीं, पोर्तुगालचा व त्याच्या वसाहतींचा कारभार पोर्तुगीज माणसांच्याच हातीं राहील. त्यामुळें राजा बदलला तरी वसईच्या कचेरींतली भाषा बदलली नाहीं. याची साक्ष आपल्या रोजच्या बोलण्यांतच आहे. मराठींतली चावी पोर्तुगीज भाषेंतून आली. स्पॅनिशांतून आली असती तर आपण तिला ‘यावे’ म्हटलें असतें. बेकरींतला पाव हाहि पोर्तुगीज. स्पॅनिश असता तर त्याचें ‘पान’ झालें असतें. पगार, लिलाव, तुरुंग, घमेलें हे सगळे शब्द त्याच घराण्यांतले. आणि हे शब्द कोणी फळ्यावर लिहून शिकविले नाहींत. बंदरावरच्या हमालानें, भटारखान्यांतल्या आचाऱ्यानें आणि बाजारांतल्या गिऱ्हाइकानें ते गरजेपोटीं उचलले. सिंहासनावर कोण बसतो यापेक्षां शेजारीं कोण बसतो, यावरच भाषा अधिक अवलंबून असते.

आतां शाळेकडे वळूं. १५४२ सालीं गोव्यास उतरलेले फ्रान्सिस झेविअर हे जन्मानें नाव्हारचे, म्हणजे आजच्या स्पेनच्या उत्तर भागांतले. मुलांना शिकविण्याची त्यांची रीत त्यांच्याच पत्रांवरून कळते. दक्षिणेच्या मोतीकिनाऱ्यावर गेल्यावर त्यांनीं दोन्ही भाषा जाणणारीं माणसें गांठलीं, आपल्या प्रार्थना तमिळ भाषेंत उतरवून घेतल्या, त्या स्वतः तोंडपाठ केल्या, आणि मग घंटा वाजवीत गल्लोगल्लीं फिरून मुलें गोळा केलीं. त्यांच्या धर्मकार्याविषयीं मतें कांहींहि असोत. शिक्षक या नात्यानें त्यांनीं एक गोष्ट ओळखली होती. मुलाला आपल्या भाषेंत ओढून आणण्यापूर्वीं शिक्षकानें मुलाच्या भाषेंत जावें लागतें.

हेंच सूत्र थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानें अधिक खोलवर नेलें. तो १५७९ सालीं गोव्यांत आला. तेथल्या लोकांची बोली व मराठी ग्रंथांची भाषा या दोन्ही त्यानें इतक्या आत्मसात केल्या कीं, त्याचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें तें ओवीबद्ध मराठींत, आणि त्यांत त्यानें मराठी भाषेचा गौरवहि केला. कोंकणी भाषेचें व्याकरण त्यानें पोर्तुगीजांत लिहिलें. तें त्याच्या मृत्यूनंतर, १६४० सालीं, म्हणजे स्पेनची सत्ता पोर्तुगालवरून उठली त्याच वर्षीं, प्रसिद्ध झालें. त्याच साठ वर्षांच्या काळांत, त्याच राजाच्या मुलखांत, हें घडलें हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. परकीयांनीं येथें जें टिकाऊ भाषाकार्य केलें, तें आपली भाषा लादून केलें नाहीं. येथली भाषा शिकून केलें.

पुढें ही दृष्टि पालटली. १६८३ सालीं संभाजी महाराजांच्या स्वारीनें गोव्याच्या सत्तेस मोठाच हादरा बसला होता. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं, जून १६८४ मध्यें, कोंद द आल्व्होर या विसरॉयानें फर्मान काढलें कीं, प्रजेनें तीन वर्षांच्या आंत आपली देशी भाषा सोडून पोर्तुगीज भाषेंत बोलावयास लागावें. तीन वर्षें गेलीं, तीस गेलीं, तीनशें गेलीं; कोंकणी कोठेंच गेली नाहीं. स्पेनचीहि कथा अशीच आहे. तेथल्या पाद्र्यांनीं सोळाव्या शतकांत मेक्सिकोच्या नाउआत्ल भाषेचीं व्याकरणें व कोश रचले होते. पण १७७० सालीं राजा तिसरा कार्लोस यानें अमेरिकेंतील देशी भाषा बंद पडून सर्वत्र स्पॅनिशच चालावी असा हुकूम सोडला. त्या हुकुमाच्या काळांत व नंतर अनेक लहान भाषा चिरडल्या गेल्या, हें खरें. पण पाराग्वे देशांत ग्वारानी ही देशी भाषा आजहि बहुसंख्य लोक घरीं बोलतात. योगायोग असा कीं, १९९२ या एकाच वर्षीं पाराग्वेच्या नव्या घटनेनें ग्वारानीस स्पॅनिशच्या जोडीनें राजभाषेचें स्थान दिलें, आणि भारतीय घटनेच्या आठव्या अनुसूचींत कोंकणीचा समावेश झाला. ज्या दोन भाषा फर्मानानें मारावयाच्या होत्या, त्या दोन्ही घटनेंत जाऊन बसल्या.

फर्मान काढणाऱ्यांपैकीं सर्वच अंध होते असें नव्हे. कुन्य रिव्हार हे गोव्याच्या सरकारांतले पोर्तुगीज चिटणीस. त्यांनीं १८५८ सालीं कोंकणी भाषेच्या इतिहासावर निबंध लिहिला, आणि मुलांस प्रथम त्यांच्या भाषेंतून शिकविल्याखेरीज त्यांस पोर्तुगीजहि नीट येणार नाहीं, या बाजूनें आपलें वजन खर्च केलें. परंतु शाळांचा कल बदलला नाहीं. पोर्तुगीज ही दरबाराची, कोर्टाची व थोड्या घराण्यांची भाषा राहिली. १९६१ च्या डिसेंबरांत ती सत्ता संपली, तेव्हां साडेचारशें वर्षांच्या राजवटीनंतरहि सामान्य गोंवेकराच्या चुलीपाशीं कोंकणीच बोलली जात होती.

याच्या अगदीं उलट उदाहरण रायगड जिल्ह्यांत कोर्लई गांवीं आहे. चौलचा मुलूख १७४० सालीं मराठ्यांकडे आला व पोर्तुगीज निघून गेले. परंतु कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या थोड्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणांतून बनलेली एक बोली राहिली. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असें म्हणतात. तिला शाळा नाहीं, राजाश्रय नाहीं. बोलणारे हजाराच्या आंतबाहेर. मुलें शाळेंत मराठी शिकतात आणि घरीं येऊन आजीशीं या बोलींत बोलतात. पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ ती आजीनेंच टिकविली आहे. गोव्यांत पाठीशीं सरकार असलेली भाषा चुलीपर्यंत पोंचली नाहीं, आणि कोर्लईंत पाठीशीं कोणीहि नसलेली भाषा चुलीपाशींच जगली.

स्पॅनिश भाषेशीं एका मराठी माणसाचा सर्वांत सखोल संबंध आला तोहि शाळेच्या तासामुळें नव्हे. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म वर्ध्याचा, १८८४ सालचा. क्रांतिकार्यासाठीं ते देशाबाहेर पडले, अमेरिकेंत शेतकी शिकले, गदर चळवळींत वावरले, पहिल्या महायुद्धांत इराणांत लढले, आणि मायदेशीं परतण्याची वाट बंद झाल्यावर १९२४ च्या सुमारास मेक्सिकोस पोंचले. तेथें चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयांत ते अध्यापक झाले. मक्याच्या जातींवर त्यांनीं संशोधन केलें, शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं मुक्त कृषिशाळा काढल्या, आणि हें सर्व स्पॅनिश भाषेंतून केलें. दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकारानें त्यांना आपल्या भित्तिचित्रांत स्थान दिलें. स्वातंत्र्यानंतर ते भारतांत परतले, आणि १९६७ सालीं नागपुरांत त्यांचें निधन झालें. २०२२ सालीं चापिंगो येथें त्यांचा अर्धपुतळा उभारण्यांत आला. चाळिशींत पोंचलेला हा वऱ्हाडच्या शेजारचा गृहस्थ परक्या भाषेंत वर्ग घेऊं शकला, कारण त्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं होतें व समोर ऐकणारें कोणी होतें. ही दोन साधनें नसतील तर बाराव्या वर्षीं आरंभ केला काय आणि चाळिसाव्या वर्षीं केला काय, फळ सारखेंच.

अलीकडचाहि एक प्रसंग बोधप्रद आहे. २०११ सालच्या करारानें केंद्रीय विद्यालयांत सहावी ते आठवीच्या मुलांना तिसरी भाषा म्हणून जर्मन शिकविण्यास आरंभ झाला. २०१४ च्या नोव्हेंबरांत, वर्ष अर्धें उलटल्यावर, ती सोय बंद करून तिच्या जागीं संस्कृत वगैरे भारतीय भाषा आणण्याचा निर्णय झाला. सुमारें ७०,००० मुलांवर त्याचा परिणाम झाला. जर्मन चांगली कीं संस्कृत चांगली यावर त्या वेळीं पुष्कळ वाद माजला; परंतु अर्ध्या वाटेवर सोडलेल्या मुलाच्या पाटीवर दोन्हींपैकीं काय उरलें, हा विचार त्या वादांत मागें पडला. मोठ्यांच्या भांडणांत भाषा ही निशाण बनते, आणि मूल निशाणाची काठी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत माध्यमिक वर्गांसाठीं ज्या परदेशी भाषांचीं नांवें आहेत त्यांत कोरियन, जपानी, फ्रेंच, जर्मन यांच्या जोडीला स्पॅनिशहि आहे. मात्र त्याच धोरणाप्रमाणें शाळेंतल्या तीन भाषांपैकीं दोन भारतीय असावयास हव्यात. तेव्हां इंग्रजी धरल्यावर त्या तीनांत स्पॅनिशला जागा उरत नाहीं. ती यावयाची तर चौथी म्हणून, हौशीची म्हणून यावी लागते. यांत तिचें नुकसान नाहीं. हौसेनें आलेली भाषा सक्तीनें आलेल्या भाषेहून अधिक टिकते, हें वर पाहिलेंच. सुमारें ५० कोटी लोकांची ही मातृभाषा, आणि वीस देशांची राजभाषा. तिची हौस असण्यांत गैर कांहींच नाहीं.

पण ती शिकवावी कशी? येथें आपल्याकडच्या शाळांत एक मोठी चूक होत असते. स्पॅनिश बहुधा इंग्रजींतून शिकविली जाते. मराठी मुलाच्या दृष्टीनें हा घाटानें उतरून पुन्हा घाट चढण्याचा प्रकार आहे. स्पॅनिशांतले त आणि द दांतांवर जीभ टेकून उच्चारावयाचे, अगदीं आपल्यासारखे. जसें लिहावें तसेंच बहुतेक वाचावें, ही सोयहि नागरीसारखीच. मित्राला ‘तू’ म्हणावयाचें तर स्पॅनिश मूलहि ‘तू’च म्हणतें, आणि वडील माणसाला ‘उस्तेद’ म्हणतें. हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा झिजलेला अवशेष असून त्यापुढें क्रियापद तृतीय पुरुषीं येतें, जसें आपल्याकडे ‘महाराजांनीं यावें’ म्हणतात तसें. ‘मी बोलतो’ म्हणतांना ‘मी’ गाळला तरी चालतो. ‘आब्लो’ एवढेंच पुरतें, कारण बोलणारा कोण हें क्रियापदच सांगतें.

सर्वांत नवलाची गोष्ट आवडीनिवडीची. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे ‘मला आंबा आवडतो’, आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. ज्याला आवडतें तो दोन्ही भाषांत चतुर्थींत बसतो, आणि क्रियापद आंब्याचा हात धरून चालतें. इंग्रजींत तसें नाहीं. तेथें आवडणाऱ्यालाच कर्ता व्हावें लागतें. म्हणून इंग्रजींतून शिकणाऱ्यास ही रचना उलटी वाटते, आणि मराठींतून शिकणाऱ्यास ती घरची वाटते. अडचणीहि आहेत, त्या लपवूं नयेत. आपल्याकडे मुलगा, घोडा, कुत्रा असे आकारान्त शब्द पुल्लिंगी. तेथें बहुतेक आकारान्त शब्द स्त्रीलिंगी व ओकारान्त पुल्लिंगी. त्यामुळें ‘निन्यो’ हा मुलगा आणि ‘निन्या’ ही मुलगी, हें आरंभीं हमखास उलटें होतें. पण ज्या शिक्षकास मराठी येतें, त्यालाच ही चूक कोठून आली तें कळतें, आणि तोच ती हंसत दुरुस्त करूं शकतो.

शब्दांची तर जुनी सोयरीकच आहे. संस्कृत शर्करेची मराठींत साखर झाली. तीच इराण-अरबस्तानच्या वाटेनें स्पेनांत जाऊन ‘आसूकार’ झाली. आपलें नारिंग तेथें ‘नारांखा’ झालें. चतुरंगाचा डाव अरबांनीं नेला आणि स्पॅनिश मुलें त्याला ‘आखेद्रेस’ म्हणूं लागलीं. अरबी भाषेंतला ‘फुलान’ आपल्याकडे फलाणा झाला व तिकडे ‘फुलानो’. उलट दिशेनें बटाटा, टोमॅटो, पपई, मिरची हीं स्पॅनिश-पोर्तुगीज गलबतांबरोबर निघून आपल्या स्वयंपाकघरांत शिरलीं. ज्या मुलाला हें सांगितलें जाईल, त्याला पहिल्याच दिवशीं असें वाटेल कीं ही परकी बाई नसून पुष्कळ वर्षांनीं भेटलेली लांबची आतेबहीण आहे.

शेवटीं पुन्हा जव्हार-मोखाड्याच्या मुलाचा विचार करावयास हवा, कारण भाषाशिक्षणाची खरी कसोटी तेथें आहे. तेथल्या वारली किंवा कोकणा घरांतलें मूल पहिलीच्या वर्गांत पाऊल टाकतें, तेव्हां क्रमिक पुस्तकांतली मराठीच त्याला अर्धी परकी असते. शहरांतल्या मुलापुढें स्पॅनिश जी अडचण सहाव्या इयत्तेंत, हौसेनें, उभी करते, ती या मुलापुढें सहाव्या वर्षीं, नाइलाजानें, उभी असते. आणि त्यानंतर इंग्रजी व हिंदी रांगेंत असतात. म्हणजे भाषा शिकण्याचा सराव कोणास अधिक असेल, तर तो त्यालाच. पण त्या सरावाची गणना गुणांत न होतां त्याच्या मागासपणांत होते.

याच जिल्ह्यांत ही दृष्टि बदलणाऱ्या दोन स्त्रिया होऊन गेल्या. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत तें वाढविलें. मूल शाळेंत येत नाहीं तर शाळा मुलाच्या अंगणांत न्यावी. तें गुरें घेऊन रानांत जात असेल तर कुरणांतच शाळा भरवावी. दगड, बिया, पानें हींच त्याचीं साधनें करावीं, असा त्यांचा मार्ग होता. चारशें वर्षांपूर्वीं घंटा वाजवीत गल्लींत शिरणाऱ्या परदेशी शिक्षकाला जें उमगलें होतें, तेंच या दोघींना अधिक निर्मळपणें, दुसरा कोणताहि हेतु न धरतां उमगलें होतें.

तेव्हां सहावीच्या मुलाला स्पॅनिश अवश्य शिकवावी. शहरांत शिकवावी, आणि जमेल तेव्हां जव्हारच्या आश्रमशाळेंतहि शिकवावी. अट इतकीच कीं, शिकविणाऱ्यास मुलाची भाषा येत असावी, आरंभिलेला पाठ अर्ध्यावर सुटूं नये, आणि नवी भाषा जुनीच्या बदल्यांत दिली जाऊं नये. वर्गांत ‘मे गुस्ता’ शिकवितांना शिक्षकानें मुलाला विचारावें, ‘तुमच्या घरीं हें कसें म्हणतात?’ वारली मुलानें आपल्या बोलींतलें वाक्य सांगावें, दुसऱ्यानें कोकणांतलें, तिसऱ्यानें पुस्तकांतलें. आणि तीं सारीं स्पॅनिश वाक्याच्या शेजारीं, एकाच ओळींत, फळ्यावर लिहिलीं जावीं. ज्या मुलाची बोली त्या फळ्यावर एकदां चढली, त्याला जगांतली कोणतीहि भाषा शिकण्यास संकोच वाटणार नाहीं.